गाडीचं काम चालू आहे

माझी गाडी बंद पडलेली आहे असं आमच्या वसाहतीत सगळे म्हणत. मी ते कधीच मान्य केलं नाही. बंद पडायला गाडी आधी चालावी लागते आणि माझी गाडी माझ्याकडे आल्यापासून चाललेलीच नव्हती. त्यामुळे ती बंद पडली हा आरोपच निराधार होता. ती दुरुस्त व्हायची होती, इतकंच. बिघडलेली वस्तू आणि दुरुस्त व्हायची वस्तू यांत फार मोठा फरक असतो. तो बायकोला कळत नाही, पण असतो.

आमच्या कार्यालयानं एकदा आपल्या जुन्या राखाडी गाड्या मोडीत काढल्या आणि चिठ्ठ्या टाकून कर्मचाऱ्यांनाच देऊन टाकल्या. एका चिठ्ठीत माझं नाव निघालं. त्याआधी माझं नाव कशातही निघालेलं नव्हतं, चौकशीतसुद्धा नाही. त्या आनंदात गाडी चालते का, हे विचारायचं राहून गेलं. दुसरी एक नकाशे आखणाऱ्या हेडड्राफ्ट्समनला लागली. बाकीच्या कोणाकोणाला लागल्या हे लक्षात ठेवायचं मला काही कारण नव्हतं. सगळ्या गाड्या एकाच कारखान्याच्या, एकाच रंगाच्या, आणि कार्यालयाचं फाटक अरुंद असल्यामुळे सगळ्यांच्या डाव्या दाराला एकाच जागी पोचा. आम्ही त्या ढकलत वसाहतीत आणल्या आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावल्या. नंबराच्या पाट्या चोरीला जातात म्हणून त्या काढून घरी माळ्यावर ठेवल्या. हे सगळ्यांनीच केलं. शहाणपण आमच्या वसाहतीत साथीसारखं पसरतं.

हेडड्राफ्ट्समनला आम्ही स्केलपट्टी म्हणतो. माणूस उंच, सरळ, आणि बसला तरी काटकोनात बसणारा. तो आता निवृत्त आहे. भेट झाली की तो मला विचारायचा, "काय म्हणते गाडी?" मी सांगायचो, "काम चालू आहे." मग मी विचारायचो, "तुमची?" तो सांगायचा, "आमचंही चालू आहे." दोघांच्याही गाड्यांवर कबुतरं बसलेली असायची, पण तो विषय आम्ही दोघंही काढत नसू. सभ्यता म्हणून काही असतं.

या गाडीबद्दल मी एकच चूक केली. लेकीला शब्द दिला. ती शाळेत होती तेव्हा म्हणालो, गाडी झाली की तुला शाळेत सोडेन. शाळा संपली. मग म्हणालो, कॉलेजला सोडेन. कॉलेजही संपलं. ती कधी एका अक्षरानं बोलली नाही. उलट बस चुकली की धावत घरी यायची आणि म्हणायची, "असू दे बाबा, गाडीचं काम चालू आहे ना." हे ती खरंच समजूतदारपणे म्हणायची आणि त्यामुळेच ते मला फार लागायचं. टोमणा मारला असता तर उलट उत्तर तरी देता आलं असतं.

तिला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि मी जेवताना जाहीर केलं, "स्टेशनवर मी सोडणार. आपल्या गाडीनं."

बायकोनं पोळी वाढता वाढता हात थांबवला. "अहो, तिला या महिन्यात जायचंय."

"म्हणजे भरपूर वेळ आहे."

"बाबा, मी टॅक्सी सांगू शकते हं," लेक हळूच म्हणाली.

"टॅक्सी!" मी म्हणालो. अपमान झाला की मला पुढचं वाक्य सुचत नाही. त्यामुळे मी तो शब्दच पुन्हा दोनदा म्हणालो आणि हात धुवायला उठलो.

मी शेडमध्ये बऱ्याच काळानं गेलो होतो, हे इथं सांगायला हवं. मधे कार्यालयानं शेडचे जुने पत्रे काढून नवे घातले होते. आमची घरं आता आमची आहेत, पण आवार अजून कार्यालयाचं आहे, आणि आवारावर इस्टेटसाहेबांचा अंमल चालतो. त्यांनी त्या वेळी शेडमधलं भंगार हलवलं असं कानावर आलं होतं. मी आत गेलो आणि दारातच थबकलो. पूर्वी जिथे राखाडी गाड्यांची रांग होती तिथे कोपऱ्यात एकच गाडी उभी होती. मी धावत जाऊन डाव्या दाराचा पोचा बघितला. होता. जीव भांड्यात पडला. माझी गाडी वाचली होती!

मग लक्षात आलं की स्केलपट्टीची गेली.

माणसाच्या मनात अशा वेळी काय येतं ते मी खरं सांगतो. आधी थोडं बरं वाटलं. पण लगेच वाईटही वाटलं. इतकी वर्षं "आमचंही चालू आहे" म्हणणाऱ्या माणसाची गाडी भंगारात जावी, आणि त्याला आपण रोज जिन्यात भेटावं! मी ठरवलं, यापुढे त्याच्यासमोर गाडीचा विषय म्हणून काढायचा नाही. संध्याकाळी तो दिसला तेव्हा मी त्याच्याकडे बघून अतिशय मायेनं हसलो. आश्चर्य म्हणजे तोही माझ्याकडे बघून तितक्याच मायेनं हसला. "बरे आहात ना?" त्यानं विचारलं. "मी बरा आहे. तुम्ही सांभाळा," मी म्हणालो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुःखानं माणूस किती मऊ होतो, असं मला वाटलं.

पहिल्या रविवारी मी कामाला लागलो. आधी किल्ली घालून बघितली. फिरेना. तेल सोडलं, फुंकर मारली, दोन्ही हातांनी पिळली. गंज, दुसरं काय! मग आरसा काढून घरी आणला आणि दिवाणखान्यात बसून चकचकीत केला. पुढच्या रविवारी तो बसवायला गेलो तर गाडीला आरसा होता.

मी हातातल्या आरशाकडे बघितलं. गाडीवरच्या आरशाकडे बघितलं. दोन्हींत माझाच चेहरा दिसत होता आणि दोन्हींत तो सारखाच गोंधळलेला होता.

"आधी दोन होते का?" घरी गेल्यावर बायकोनं विचारलं.

"एका बाजूला दोन आरसे कशाला असतील?"

"मला काय विचारता? गाडी तुमची."

त्यानंतर प्रकरण हाताबाहेर गेलं. मी पुढच्या सीटला हिरवं रेक्झिन लावलं. आठवड्यानं आलो तर मागच्या सीटला तपकिरी रेक्झिन लागलेलं होतं, आणि तेही माझ्यापेक्षा सरळ टाके घालून. मी डावं दार रंगवलं, नेमका तो राखाडी मिळाला नाही म्हणून जरा निळसर राखाडी. पुढच्या खेपेला उजवं दार रंगवलेलं सापडलं, जरा हिरवट राखाडी. मी मोठ्या मुश्किलीनं बॅटरी उचलून आणली, बॉनेट उघडलं, तर आत बॅटरी बसलेली. मी ती नवी बॅटरी तशीच पोटाशी धरून उभा राहिलो. ती खाली ठेवावी की घरी न्यावी हे ठरवण्यासाठी आधी ती गाडी माझ्या मदतीशिवाय दुरुस्त होते आहे का, हे ठरवणं गरजेचं होतं.

याच सुमारास टेलिफोनबाई चहा पाठवू लागल्या. या बाई शेडच्या समोरच्या घरात राहतात. कार्यालयात टेलिफोन जोडून देण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं. सगळ्यांची सगळी बोलणी त्यांच्या कानांवरून गेलेली आहेत, त्यामुळे त्या स्वतः फारसं बोलत नाहीत. रविवारी मी कामाला लागलो की त्या गॅलरीत येत आणि थोड्या वेळानं चहाचा कप घेऊन स्वतः खाली येत. "किती करता हो!" एवढंच म्हणत, आणि डोळे भरून गाडीकडे बघत. मी म्हणायचो, "कर्तव्य आहे, बाई." आपल्या जिद्दीची कदर करणारं वसाहतीत एक माणूस तरी आहे, या विचारानं मला दुसरा कप पचायचा.

बाकीच्यांकडून सल्ले आले. मेहुणा म्हणाला, असं आपोआप होणं चांगलं नाही, गाडी विकून टाका. मी म्हटलं, आपोआप बिघडत होती तेव्हा तुम्ही हेच सांगत होता. तळमजल्यावरचे हिशेबनीस म्हणाले, तुम्ही झोपेत चालत असाल. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "झोपेत तुम्ही घोरता. रंग लावताना कोणी घोरेल का?" हा युक्तिवाद मला पटला, पण त्यातून निष्कर्ष काही निघेना.

मिस्त्रीला दाखवायचं ठरवलं. त्यासाठी फाटकावरचा पास लागतो. मी इस्टेटसाहेबांकडे गेलो.

"मिस्त्री कोणाकडे येणार?" त्यांनी विचारलं.

"गाडीकडे."

"गाडीचा घर क्रमांक?"

"साहेब, गाडीला घर क्रमांक कसा असेल?"

"मग पास कसा असेल?"

शेवटी मिस्त्रीला माझा पाहुणा म्हणून पास मिळाला. पाहुण्याला घरापर्यंत पोचवायचं असा नियम असल्यामुळे पहारेकऱ्यानं त्याला थेट आमच्या दाराशी आणून उभा केला. बायकोनं त्याला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. पाहुणा आला आणि लगेच शेडमध्ये नेला असं दिसायला नको म्हणून मीही जरा बसलो. बिचारा हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसला होता. अखेर आम्ही खाली गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"साहेब, इंजिनाचं काम तर झालेलंच आहे. मला कशाला बोलावलं?"

"झालंय?" मी म्हणालो आणि सावरलो. "म्हणजे, झालंय ना नीट?"

"झकास झालंय. कोणी केलं?"

"घरीच," मी म्हणालो.

त्यानं दोन वायरी जोडल्या. गाडी खोकली, शिंकली आणि चक्क सुरू झाली. शेडमधली कबुतरं उडाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री म्हणाला, "कुलूप तेवढं बदला, किल्ली घेत नाहीये," आणि पाहुण्यासारखा निरोप घेऊन गेला.

"घरीच" हा शब्द माझ्या तोंडून सहज निघून गेला होता. पण जिना चढता चढता मला त्याचा अर्थ लागला आणि मी मधल्या पायरीवरच बसलो. घरीच! दुसरं कोण असणार? मला रोज समजून घेणारी, टोमणा न मारणारी माझी लेक! बाबांचा शब्द खोटा पडू नये म्हणून पोर मी ऑफिसला गेलो की गुपचूप शेडमध्ये जाऊन राबत होती. सरळ टाके तिच्याशिवाय घालणार कोण? मला इतकं भरून आलं की सांगता सोय नाही.

जेवताना मी म्हणालो, "बाळ, तुझे हात बघू."

तिनं हात पुढे केले. बोटाला शाई होती. मी ती ग्रीस समजलो आणि हात डोळ्यांना लावले.

"बाबा, काय झालंय तुम्हाला?"

"मला सगळं कळलंय," मी म्हणालो. "पण मी काही बोलणार नाही. तुझ्या मनात जे आहे ते तुझ्याच मनात राहू दे."

ती पांढरीफटक पडली. आईकडे बघू लागली. नंतर मला समजलं की तिच्या ओळखीतला कोणी एक मुलगा होता आणि तो विषय ती नोकरीत स्थिरावल्यावर काढणार होती. पण त्या वेळी मला वाटलं, गुपित फुटलं म्हणून पोर हिरमुसली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. "काळजी करू नकोस. माझी पूर्ण संमती आहे," असंही म्हणालो. तिनं मला मिठी मारली. बायकोला यातलं काहीच कळलं नाही, आणि पुढे जे घडलं ते बघता मलाही कळलं होतं असं म्हणता येणार नाही.

जायचा दिवस उजाडला. नेमकी त्याच सकाळी इस्टेटसाहेबांनी शेडची तपासणी ठेवली. ज्या गाडीला नंबराची पाटी नसेल ती उचलली जाईल, असा फतवा फाटकावर लागला होता. मी माळ्यावरून पाट्या काढल्या, रजेच्या दिवशीचे कपडे घातले आणि शेडमध्ये जाऊन गाडीच्या पुढ्यात उकिडवा बसलो. पुढची पाटी बसवत होतो तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूनं ठोकल्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक.

सापडली! मी डोळे पुसले आणि सगळी माया गळ्यात आणून म्हणालो, "बाळ, आता लपून कशाला करतेस? ये की समोर."

ठोकणं थांबलं. मागून भरदार आवाज आला, "कोण बाळ?"

आणि गाडीच्या टपावरून स्केलपट्टीचं डोकं वर आलं. हातात हातोडी, तोंडात स्क्रू.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग मला उलगडा झाल्यासारखं वाटलं. "म्हणजे तुम्ही! अहो, स्वतःची गाडी गेलेली असताना तुम्ही माझ्या गाडीसाठी..."

त्यानं तोंडातले स्क्रू काढले. "माझी कुठे गेली? तुमची गेली."

"माझी? ही काय माझी!"

"ही माझी आहे," तो अतिशय हळुवारपणे म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्हाला लागेल म्हणून मी विषय काढत नव्हतो."

"अहो, तुम्हाला लागेल म्हणून मी काढत नव्हतो!"

"पण मी तर रोज येतो. रविवार सोडून. रविवारी माझा पत्त्यांचा अड्डा असतो."

"मी रविवारीच येतो."

"मग ते हिरवं रेक्झिन..."

"माझं. तपकिरी?"

"माझं," तो म्हणाला. "मला वाटलं, हिरवं परगावाहून सुनेनं पाठवलं असेल कुणाकडून तरी. मी तिला पत्रही लिहिलं, आभाराचं. तिचं काही उत्तर नाही."

आम्ही पोच्याकडे धावलो. पोचा होता, पण तो दोघांच्याही गाडीला होता. मी म्हणालो, माझ्या गाडीच्या काचेला कोपऱ्यात तडा होता. तो म्हणाला, काच मी बदलली. तो म्हणाला, माझ्या गाडीच्या दाराची मूठ सैल होती. मी म्हणालो, मूठ मी बदलली. आम्ही दोघांनी मिळून पुराव्याचा कणही शिल्लक ठेवला नव्हता. इतक्यात इस्टेटसाहेब पहारेकऱ्याला घेऊन आले. त्यांनी गाडीला एक फेरी घातली. मग उलटी फेरी घातली.

"पुढे एक नंबर आणि मागे दुसरा? हे काय आहे?"

"आमचा खासगी मामला आहे," स्केलपट्टी ताठ होऊन म्हणाला.

"ही गाडी कोणाची?"

"माझी," आम्ही दोघंही म्हणालो.

"थांबा," असा शांत आवाज आला. टेलिफोनबाई शेडच्या तोंडाशी उभ्या होत्या. खांद्याला पर्स, हातात दोन पाट्या. "माझ्या पाट्या लावायच्या राहिल्यात. हे काय भलतंच लावलंय तुम्ही हिला?"

बाई पुढे आल्या, दार उघडून बसल्या, पर्समधून किल्ली काढली आणि घातली. किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. गाडी सुरू झाली. मी आणि स्केलपट्टी एकमेकांचा आधार घेऊन उभे होतो.

"तुम्हा दोघांच्या गाड्या शेडचं काम निघालं तेव्हाच उचलल्या," इस्टेटसाहेब म्हणाले. "रीतसर नोटिसा दिल्या होत्या. बाईंनी उत्तर दिलं, दर वर्षीचा कर भरल्याचं दाखवलं. तुमचं उत्तरच नाही."

"मला वाटलं, नोटीस यांच्या गाडीबद्दल आहे," मी म्हणालो.

"मलाही यांच्याच गाडीबद्दल वाटलं," स्केलपट्टी म्हणाला.

टेलिफोनबाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. "म्हणजे तुम्ही माझ्यासाठी नव्हता करत? मला वाटलं, तुमच्या गाड्या गेल्या, आता निदान हिची तरी चालू करू या, म्हणून दोघांनी वार वाटून घेतलेत. एकानं रविवार, एकानं बाकीचे. मी एकटी बाई, कोण करतं इतकं? मी घरात बसून किती दुवा देत होते तुम्हाला!" त्यांनी रंगवलेल्या दारांकडे बघितलं. "तरीच म्हटलं, यांनी एकदाही रंग कुठला लावू ते विचारलं नाही."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. माझी गाडी गेली होती. ती कधीच गेली होती आणि मला पत्ताही नव्हता. मी दुसऱ्याच गाडीच्या टपावरून हात फिरवत, हीच ती, हीच ती, म्हणत बसलो होतो. आणि वर माझी लेक सामान बांधून तयार होती. मी जिना चढलो. दारातच ती भेटली.

"बाबा, टॅक्सी येतेय," ती म्हणाली. "मी कालच सांगून ठेवलं होतं. तुमच्यावर ताण नको म्हणून."

कालच! म्हणजे आपली गाडी येणार नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी तिची बॅग उचलली, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खाली आलो तर फाटकापाशी राखाडी, निळसर राखाडी आणि हिरवट राखाडी अशी ती गाडी उभी होती, नव्या पाट्या लावून. स्टिअरिंगवर टेलिफोनबाई.

"टॅक्सी परत पाठवा," त्या म्हणाल्या. "हिला मी सोडते. बसा सगळे."

"मी चालवू का?" मी विचारलं. फार आशेनं विचारलं.

"तुम्ही कधी चालवलीय?"

मी विचार केला. मग मागच्या सीटवर जाऊन बसलो. जन्मात या डब्यात पाऊल ठेवणार नाही असं म्हणणारी बायको तिथे आधीच बसली होती. तिच्या पलीकडे मांडीवर बॅग घेऊन काटकोनात स्केलपट्टी. तो का येतोय असं मी विचारलं नाही. तो म्हणाला, "वाटेत थांबली तर ढकलायला दोघं लागतात." लेक पुढे बसली होती. वळून वळून माझ्याकडे बघत होती आणि हसत होती. ती अशी हसताना मी तिला लहानपणी बघितलं होतं.

गाडी थांबली नाही. स्टेशनपर्यंत मुकाट्यानं गेली. फलाटावर बायको मोकळेपणानं रडली. मला ते जमेना. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो.

"तिथे सगळ्यांना सांगणार आहे मी," लेक म्हणाली. "बाबांनी दुरुस्त केलेल्या गाडीतून मी स्टेशनवर आले."

"आपली नाही गं ती," मी म्हणालो. "मी शब्द आपल्या गाडीचा दिला होता."

"दुरुस्त तर तुम्ही केलीत ना, बाबा?"

"अर्धी," मागून स्केलपट्टी म्हणाला.

आगगाडी सुटली. ती हात हलवत होती तोवर मी चालत राहिलो, फलाट संपल्यावर थांबलो. तिथे एक बाक होता, त्यावर जरा बसलो. मग बायको मला हाताला धरून घेऊन आली.

परतताना मात्र चौकात गाडीनं दम सोडला. बाई स्टिअरिंगवर राहिल्या, बायको बसून राहिली, आणि आम्ही दोघं उतरून मागून ढकलू लागलो. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. रस्त्यावरचे लोक कुठे जोर लावायचा ते उभ्यानंच सांगत होते. स्केलपट्टी समोर बघत होता आणि मीही समोरच बघत होतो.

"माझा मुलगा बायकोला घेऊन परगावी राहायला गेला ना," तो ढकलता ढकलता म्हणाला, "त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा शेडमध्ये गेलो. तोवर मी कधी गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. नुसतं म्हणायचो, काम चालू आहे."

मी नुसता ढकलत राहिलो. दम लागला होता.

"घरात बसवत नाही हो," तो म्हणाला. "पहिले काही दिवस तर फारच. काहीतरी हातात लागतं."

"पण ती गाडी तुमची नव्हती," मी म्हणालो.

"ते मला कुठे माहीत होतं? आणि आता माहीत झालंय तरी उद्या मी जाणारच आहे. एवढ्यात दम सोडला म्हणजे अजून पुष्कळ काम आहे हिच्यात." त्यानं खांदा बदलला. "सकाळपासून असतो मी. या."

"उद्या ऑफिस आहे."

"मग ऑफिस सुटल्यावर या."

गाडीनं एक हिसका दिला आणि सुरू होऊन पुढे गेली. बाईंनी थोड्या अंतरावर नेऊन ती थांबवली आणि खिडकीतून हात काढून आम्हाला बोलावलं. आम्ही चालत गेलो आणि बसलो. घरी आल्यावर लेकीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बायकोनं ते उघडलं नाही, मीही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.